टॅबलेट-पुस्तकासाठी बीन बॅग स्टँड: कठडा आधी, तोंड शेवटी

बिघडलेले असे स्टँड मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यातला पहिला माझाच होता. टीप सरळ, कापड सुरेख, आणि हातात आली ती चपटी उशी. तोंड बंद करताना तळाच्याच दिशेने टीप मारली होती. दुसऱ्या वेळी आकार जमला, पण पिशवी आधी भरून टाकली आणि मग लक्षात आलं, की टॅबलेट अडवणारा पुढचा कठडा शिवायला मशीनखाली जागाच उरलेली नाही. दोन्ही चुका क्रमाच्या होत्या, हाताच्या नव्हत्या. त्यामुळे शिवणकामात मुरलेले असाल तरी पुढचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा.

आकार आधी डोक्यात बसवा

कापडाची एक लांब पट्टी मधोमध दुमडून पिशवी करायची. दुमडीपासून ५ सेंमीवर आडवी टीप मारली, की दुमडीलगत एक नळी तयार होते. ती भरली की झाला कठडा. उरलेल्या पिशवीचं तोंड तळाच्या काटकोनात बंद करायचं, म्हणजे तळ डावीकडून उजवीकडे जातो आणि तोंड समोरून मागे. एवढ्यानेच पिशवीला चार त्रिकोणी बाजू येतात. एक टेबलावर टेकते, एकीवर टॅबलेट रेलतो, आणि या दोन बाजू जिथे मिळतात त्या कडेला कठडा असतो.

हे वाचून पटत नसेल तर कागदी पाकीट घ्या. तळ तसाच ठेवून उघड्या तोंडाच्या दोन्ही बाजू चिमटीत एकत्र आणा. पाकीट फुगून चार कोपऱ्यांचा पिरॅमिड दिसेल. तो दिसेपर्यंत कात्री हातात घेऊ नका.

मापं आणि कोन

इथली मापं १० ते ११ इंची टॅबलेट आणि मध्यम आकाराच्या पुस्तकासाठी आहेत. तयार रुंदी २४ सेंमी, कठड्याच्या वरची उंची २४ सेंमी, कठडा ५ सेंमी. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना १ सेंमी माया (टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड) आणि वर दुमडायला १.५ सेंमी. म्हणजे बाहेरच्या कव्हरसाठी २६ × ६१ सेंमीची एकच पट्टी लागते.

स्टँड किती उभा राहणार, हे रुंदी आणि उंचीच्या नात्यावर ठरतं. दोन्ही सारखी ठेवली तर कोन ६०° येतो. रुंदी २४ ठेवून उंची २१ केली तर तो ७०° पर्यंत चढतो, २८ केली तर ५१° वर उतरतो. उंची वाढवली की स्टँड जास्त उभा होईल असं वाटतं, पण होतं उलटं: मागची टेकणारी बाजूही तेवढीच लांबते आणि पुढची बाजू आडवी होत जाते. टेबलावर वाकून वाचणाऱ्यांना २८ आवडेल, पोटावर किंवा मांडीवर ठेवून पडल्या पडल्या वाचणाऱ्यांना २१. ठरत नसेल तर २४ घ्या.

मापं बदलायची असतील तर पट्टीची रुंदी म्हणजे तयार रुंदी अधिक २. पट्टीची लांबी म्हणजे कठडा, उंची आणि १.५ यांची बेरीज करून तिची दुप्पट. फोनसाठी रुंदी आणि उंची १८ व कठडा ४ पुरतो. जाडजूड ग्रंथांसाठी ३० आणि ६ घ्या.

साहित्य निवडताना

बाहेरून जाड सुती कापड, कॅनव्हास, डेनिम किंवा सोफ्याचं कापड घ्या. सॅटिन आणि गुळगुळीत नायलॉनवरून टॅबलेट घसरतो. ताणलं जाणारं टी-शर्टचं कापड तर नकोच, कारण भरल्यावर ते पोट सुटल्यासारखं फुगतं आणि सपाट बाजूच उरत नाही. आतल्या पिशवीसाठी, म्हणजे कव्हरच्या आत जाणाऱ्या दाण्यांच्या वेगळ्या पिशवीसाठी, घट्ट विणीची जुनी चादर उत्तम.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. कापड आटायचं असेल तर शिवण्याआधी आटू दे.

दोरा पॉलिएस्टरचा. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते, डेनिम-कॅनव्हासला १६ नंबरची. बारीक सुईने जाड शिवणीवर टाके सुटतात आणि आपण उगीच मशीनला दोष देत बसतो.

भरण तीन प्रकारचं लागतं. पिशवीसाठी थर्माकोलचे बारीक दाणे, कठड्यासाठी उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर, आणि बुडाला वजन म्हणून ४०० ग्रॅम जड काहीतरी. हे वजन लोक हमखास गाळतात. दोन-अडीच लिटर थर्माकोलचे दाणे वजनाला अगदीच नगण्य, आणि टॅबलेट कव्हरसकट अर्धा किलो. पडद्यावर वरच्या बाजूला बोट लावलं की सगळा डोलारा मागे सरकतो.

वजनासाठी प्लास्टिकचे जड दाणे किंवा धुऊन खडखडीत वाळवलेले बारीक गोटे सगळ्यात निर्धोक. धान्य चालतं, पण त्याला कीड लागते आणि ओल धरते. धान्यच वापरायचं तर आधी तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण कोरडं करून मगच भरा.

सावधान: थर्माकोलचे दाणे लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या नाकातोंडात जाऊ शकतात. घरात यांपैकी कोणीही असेल तर दाणे टाळा आणि पूर्ण पिशवी फायबरनेच ठासून भरा. बैठक थोडी कमी पक्की मिळेल, पण घोर नाही.

टप्पा १: कापणे आणि खुणा

पट्टीची लांबी कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. तिरकं कापलं तर स्टँड भरल्यावर एका अंगाला पिळतो, आणि तो दोष नंतर कशानेही निघत नाही.

कापडाच्या उलट्या बाजूला खडूने खुणा करा. लांबीच्या मध्यावर, म्हणजे ३०.५ सेंमीवर, दुमडीची रेघ. तिच्या दोन्ही अंगांना ५ सेंमीवर कठड्याची रेघ. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या कडांवर बरोबर मध्यावर, १३ सेंमीवर, कात्रीने जेमतेम अर्ध्या सेंमीची खाच. तोंड बंद करताना याच खाचा कोपरे होतात, त्यामुळे त्या चुकवू नका.

नक्षीला वर-खाली असेल तर एक अर्धं सुलटं येतं आणि दुसरं उलटं. सुलटं येणारं अर्धं दर्शनी धरा आणि त्यावर तशी खूण करा. उलटं अर्धं टेबलाकडे जातं. त्यासाठी दोन तुकडे कापून जोडण्याचा खटाटोप मला तरी व्यर्थ वाटतो.

टप्पा २: कापड सपाट आहे तोवरची कामं

पट्टीच्या दोन्ही टोकांना १.५ सेंमी कापड आतल्या बाजूला दुमडून कडक इस्त्री करा. शिवायचं नाही, फक्त वण पाडायचा. हे आत्ता दोन मिनिटांचं काम आहे. पिशवी भरल्यावर हीच दुमड बोटांनी घालायला लागली तर तोंडाची रेघ वाकडी होणारच.

बुडाला घसरण नको असेल तर मागच्या अर्ध्याच्या सुलट्या बाजूवर, कठड्याच्या रेघेपासून ३ सेंमी वर, न घसरणाऱ्या जाळीदार मॅटचा १० × १० सेंमी तुकडा चारी बाजूंनी टीप मारून बसवा. मॅट दाबपट्टीला (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाला) चिकटत असेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा.

टप्पा ३: बाजूच्या शिवणी

सुलट्या बाजू आत ठेवून पट्टी मध्यावर दुमडा. वरच्या दुमडी उलगडा, वण राहतोच. दोन्ही बाजूंना टाचण्या लावा.

उजवी शिवण दुमडीपासून वरपर्यंत सलग, १ सेंमी माया ठेवून. डाव्या शिवणीत मात्र दुमडीपासून पहिले ४ सेंमी मोकळे सोडा आणि तिथून वर टीप मारा. याच फटीतून नंतर कठडा भरायचा आहे. सुरुवातीला आणि शेवटी मशीन उलटी चालवून टाके पक्के करा, फटीच्या तोंडाशी तर नक्कीच. टाक्याची लांबी २.५ मिमी ठेवा. डेनिम असेल तर ३ मिमीही चालेल.

उजव्या शिवणीच्या तळाचा मायेचा कोपरा तिरका कापा. टिपेला कात्री लागू देऊ नका. डाव्या बाजूला काही कापायचं नाही. फटीची माया १ सेंमी आत दाबून तिलाही इस्त्रीचा वण द्या. मग पिशवी सुलटी करा आणि कोपरे काडीच्या बोथट टोकाने बाहेर काढा. कात्रीच्या टोकाने काढायचा मोह होतो, आणि तिथेच भोक पडतं.

तपासा: पिशवी टेबलावर सपाट पसरा. दोन्ही शिवणी बरोबर कडेला आल्या पाहिजेत. एखादी पुढे किंवा मागे सरकली असेल तर आत्ताच इस्त्रीने जागेवर आणा.

टप्पा ४: कठड्याची टीप

आता पिशवी रिकामी आणि सपाट आहे. कठड्याची टीप मारायची योग्य वेळ हीच. बरेचजण आधी नळीत फायबर कोंबतात आणि मग त्या फुगीर नळीलगत मशीन चालवतात. दाबपट्टी एका अंगाला चढते, कापड सरकतं, टीप नागमोडी होते.

सुलट्या बाजूने, दुमडीपासून ५ सेंमीवर खडूची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढा. रेघेला काटकोनात टाचण्या लावा, दर ४ सेंमीला एक. दोन्ही थर एकमेकांवर सरकू न देता सरळ टीप मारा, मग पहिलीच्या वरच्या अंगाला ३ मिमीवर दुसरी. पुस्तकाचा सगळा भार याच रेघेवर येतो, म्हणून दोन टिपा. बाजूच्या शिवणींवर थर जाड असतात. तिथे पायडल सोडून हाताने चाक फिरवा.

तपासा: डाव्या फटीतून बोट घाला. ते नळीत सहज फिरलं पाहिजे, वरच्या पिशवीत शिरता कामा नये. शिरत असेल तर टीप फटीच्या खाली उतरली आहे. उसवा आणि पुन्हा मारा.

टप्पा ५: कठडा भरणे

फायबर सुपारीएवढ्या गोळ्यांनी भरा. मोठा बोळा एकदम कोंबला तर मध्ये गाठ होते आणि दोन्ही टोकं रिकामी राहतात. आधी लांबचं उजवं टोक, मग मध्य, शेवटी फटीजवळ. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबत जा. फायबर नसेल तर जुन्या कापडाच्या पट्टीची घट्ट गुंडाळी करून आत सरकवा. तीही चांगली टिकते. साधा कापूस नको, कारण दाबून दाबून त्याचे गोळे होतात.

किती भरायचं? अंगठ्याने दाबल्यावर नळी निम्मी दबावी आणि सोडताच वर यावी. भरल्यावर ती साधारण ३ सेंमी जाडीची होते. दगडासारखी टणक केलीत तर कठडा कमानीसारखा वाकतो, कठडा आणि पिशवी यांच्यामधली खोबण भरून जाते आणि टॅबलेटची कड टेकायला जागाच राहत नाही. फार सैल राहिली तर जाड पुस्तक कठड्यावरून सरळ मांडीवर येतं.

फट गुप्त टाक्याने हाताने बंद करा. एका दुमडीतून थोडं, समोरच्या दुमडीतून थोडं, मग दोरा ओढायचा. टाके ३ मिमीपेक्षा लांब नकोत.

टप्पा ६: वजनाची थैली

चादरीचा १६ × ३८ सेंमीचा तुकडा दुमडून १४ × १८ सेंमीची थैली करा. सगळीकडे दुहेरी टीप. ४०० ग्रॅम वजन भरा आणि तोंड शिवा. थैली सैल राहायला हवी, म्हणजे हातात घेतल्यावर ती दोन्ही अंगांनी लोंबेल. गच्च भरलेली थैली बुडाशी विटेसारखी बसते आणि स्टँड तिच्यावर डुलतो.

टप्पा ७: आतली पिशवी

दाणे थेट कव्हरमध्ये भरू नका. कव्हर एकदा तरी धुवावं लागतंच, आणि त्या दिवशी पश्चात्ताप होतो.

आतली पिशवी कव्हरपेक्षा १ सेंमी मोठी हवी, म्हणजे ती कव्हरला आतून ताणून धरते. २७ × ५२ सेंमीचा तुकडा दुमडा, दोन्ही बाजूंना १ सेंमी मायेने दुहेरी टीप मारा, टाका २ मिमीचा. इथे कठडा नाही. माया बाहेर राहिली तरी चालते.

आता तोंड. दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींना भिडवा. त्या तोंडाच्या मध्यावर येतात आणि आधी मध्यावर असलेला भाग कोपरा होतो. दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे टीप मारत या आणि मधे ६ सेंमीची फट ठेवा. पिशवीत हवा भरल्यासारखी करून बघा. चार त्रिकोण दिसले तर बरोबर. आयत दिसला तर शिवणी कडेलाच राहिल्यात. उसवायची वेळ आत्ताच आहे.

टप्पा ८: भरणे आणि चाचणी

पंखा बंद करा. थर्माकोलचे दाणे हाताला, कपड्यांना, भिंतीला, सगळ्याला चिकटतात. हात किंचित ओले केले की चिकटणं कमी होतं. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळं करा, त्याचं तोंड पिशवीच्या फटीत घालून भोवती चिकटपट्टी लावा, आणि पेल्याने दाणे ओता. अडीच लिटर दाणे हाताशी असू द्या. सगळे लागतीलच असं नाही.

पिशवी पूर्ण भरायची नाही. चार-पंचमांश भरली की थांबा आणि फट कपड्यांच्या चिमट्यांनी बंद करा.

वजनाची थैली कव्हरमध्ये मागच्या अर्ध्याला लागून, कठड्याजवळच्या रुंद भागात आडवी ठेवा. तिच्यावर आतली पिशवी सरकवा, तिच्या तळाची दुमड कव्हरच्या कठड्याच्या टिपेशी आणून. कव्हरचं तोंड चिमट्यांनी तळाच्या काटकोनात बंद करा आणि टॅबलेट ठेवून बघा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यांवर बोट आपटा. मग मधोमध उघडलेलं पुस्तक ठेवा.

टॅबलेट डुलत असेल तर दर्शनी बाजू गोलसर झाली आहे. एक पेला दाणे काढा. वरचं टोक मागे दुमडत असेल तर एक पेला घाला. टॅबलेट हळूहळू खाली बसत असेल तर दहा मिनिटं वाट बघा. दाणे जागा शोधतात आणि मग स्थिरावतात. एका पेल्याने खूप फरक पडतो, त्यामुळे एका वेळी एकच.

सावधान: दाणे भरल्यानंतर त्या पिशवीजवळ इस्त्री नेऊ नका. थर्माकोल उष्णतेने आक्रसतं आणि वितळतं.

टप्पा ९: तोंड बंद करणे

चाचणी मनासारखी झाली की आतल्या पिशवीची फट बारीक टाक्यांनी शिवा. मशीनने शिवायला जाऊ नका. एखादा दाणा टिपेखाली आला की सुई घसरते.

मग कव्हर. दुमडींचे वण आत वळवा. दोन्ही बाजूंच्या शिवणी मध्यावर भिडवा आणि खाचांचे कोपरे दोन टोकांना आहेत ना, ते पाहा. आधी मध्यावर एक टाचणी, मग दोन्ही कोपऱ्यांवर, मग मधल्या जागी. उचलायला बंद हवा असेल तर १२ सेंमीची फीत दुमडून दर्शनी कोपऱ्यात आत्ताच अडकवा. सगळं २४ सेंमी गुप्त टाक्याने, दुहेरी दोऱ्याने शिवा.

इथे चेन लावायची सूचना मला बरेचजण करतात. चेनमुळे तोंडाची कड ताठ होते, टॅबलेटच्या मागे टोचते आणि कोपरे नीट निघत नाहीत. वर्षाकाठी दोन-तीनदा धुवायच्या वस्तूसाठी हाताचे टाके उसवणं सोपं. धुताना तोंड उसवा, आतली पिशवी आणि वजनाची थैली काढा, फक्त कव्हर धुवा. कठड्यातला फायबर आतच राहतो आणि तो सगळ्यात उशिरा वाळतो. कव्हर नुसतं हाताला कोरडं लागलं म्हणून भरू नका. कठडा दाबून आतली ओल गेली का ते पाहा.

झाल्यावर काही खटकलं तर

टॅबलेट आडवा ठेवल्यावर ठीक, पण उभा ठेवला की चार्जिंगची वायर कठड्यात दबते. टॅबलेट उलटा ठेवा; चित्र आपोआप फिरतं. चार्जिंग चालू असताना तासन् तास स्टँडवर ठेवू नका, कारण थर्माकोल उष्णता धरून ठेवतं आणि टॅबलेटची पाठ तापते.

पुस्तकाची पानं उलटून येत असतील तर दोष बहुधा कठड्याचा नसतो. नव्या, घट्ट बांधणीच्या पुस्तकाला स्टँड कितीही चांगला असला तरी दोन चिमटे लागतातच.

काही महिन्यांनी स्टँड बसका झाला तर समजा की दाणे दबले आहेत. तोंडाचे मधले ८ सेंमी टाके उसवा, आतल्या पिशवीची फट उघडा, एक-दोन पेले दाणे घाला, आणि पुन्हा चिमटे लावून टॅबलेटची तीच चाचणी घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवू नका.